अभ्यासक्रम कोण ठरवितो? : विद्यापीठीय अभ्यास मंडळे आणि कारणे देण्याचे दायित्व

महाराष्ट्रातील भाषा-साहित्याच्या अध्यापकांच्या बोलण्यात ‘पुस्तक लागणे’ हा वाक्प्रचार रूढ आहे. अमुक कादंबरी द्वितीय वर्षाला लागली, तमुक काव्यसंग्रह यंदा निघाला, असे सहजपणे म्हटले जाते. या दोन्ही क्रियापदांचे वैशिष्ट्य असे की, त्यांत लावणारा आणि काढणारा कोठेच दिसत नाही. पाऊस लागावा किंवा कोर निघावी, तसे पुस्तक लागते आणि निघते. वस्तुतः या लागण्या-निघण्यावर पुष्कळ काही अवलंबून असते. हजारो विद्यार्थी कोणते गद्य वाचणार, ग्रामीण भागातील महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कोणत्या पुस्तकाच्या वीस प्रती येणार, प्रकाशक दुसरी आवृत्ती काढणार की नाही, आणि बाजारात कोणते ‘गाईड’ दिसणार, हे सारे त्यावर ठरते. इतका मोठा निर्णय घेणारा कर्ता वाक्यातून गळून पडावा, ही केवळ भाषेची लकब मानता येत नाही.

कायद्याने मात्र कर्ता सांगितलेला आहे. अभ्यास मंडळाने अभ्यासक्रम तयार करून त्याची शिफारस करावयाची, विद्याशाखेने त्यावर विचार करावयाचा आणि विद्या परिषदेने मान्यता द्यावयाची, असा क्रम महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या कायद्यांत आहे. या तिन्ही ठिकाणी बहुसंख्येने अध्यापकच बसतात. असे असूनही ‘अभ्यासक्रमाचा अधिकार अध्यापकांच्या हाती राहिलेला नाही’ ही तक्रार प्रत्येक चर्चासत्रात ऐकू येते. ही तक्रार अर्धीच खरी आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. अधिकार होता आणि तो कमी होत गेला असला तरी बराचसा आजही आहे. नाही ती निर्णयाची कारणे लिहून ठेवण्याची रीत. ज्या मंडळाने पुस्तक का लावले हे लिहिलेले नाही, त्याचे पुस्तक कोणालाही, का काढले हे न लिहिता, काढता येते. अध्यापकांच्या मंडळांनी आपला अधिकार गमावण्याची सुरुवात येथूनच केली आहे.

परीक्षा घेणारे विद्यापीठ

१८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास ही विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली. त्यांचे काम शिकविण्याचे नव्हते. परीक्षा घेऊन पदव्या देण्याचे होते. शिकविणे महाविद्यालयांकडे आणि काय शिकवावे हे ठरविणे विद्यापीठाकडे, अशी विभागणी तेव्हा झाली. १९०४च्या भारतीय विद्यापीठ अधिनियमाने विद्यापीठांना अध्यापनाची मुभा दिली, तरी ही विभागणी मोडली नाही. संलग्नतेच्या रूपाने ती आजही टिकून आहे. एखाद्या विद्यापीठाशी शेकडो महाविद्यालये जोडलेली असतात आणि प्रत्येक विषयाचे अभ्यास मंडळ मात्र एकच असते. साहजिकच बहुसंख्य अध्यापक आपण न ठरविलेला अभ्यासक्रम, आपण न काढलेल्या प्रश्नपत्रिकेसाठी शिकवीत असतात. जो वर्गात उभा राहतो तो ठरवीत नाही आणि जो ठरवितो त्याने तो विषय त्या वर्गात शिकविलेला असेलच असे नाही, ही आपल्या व्यवस्थेची जन्मखूण आहे.

तरीही आरंभीच्या काळात अभ्यासक्रमाविषयीचा वाद कारणांनिशी लढविला जात असे, याचे एक ठळक उदाहरण मराठीच्या संदर्भातच सापडते. मुंबई विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून देशी भाषांना स्थान उरले नव्हते. ते परत मिळावे म्हणून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले. १८९८ मध्ये त्यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा घेणारे एक टिपण इंग्रजीत लिहिले. मराठीत कोणकोणत्या विषयांवर ग्रंथ झाले, भाषांतरे किती, स्वतंत्र रचना किती, कोणत्या शाखेत उणीव आहे, याची मोजदाद त्यात आहे. मराठीविषयीचे प्रेम रानड्यांना कमी नव्हते; पण विद्यापीठापुढे जाताना त्यांनी ते प्रेम पुढे केले नाही, पुरावा पुढे केला. विसाव्या शतकाच्या आरंभी एम.ए.च्या परीक्षेत मराठीला प्रवेश मिळाला. ज्या सभेत अध्यापक अल्पसंख्य होते आणि सरकारी छाप स्पष्ट होती, तेथेही अभ्यासक्रमातील बदलासाठी लेखी युक्तिवाद करावा लागत होता, ही गोष्ट आजच्या अभ्यास मंडळाच्या कार्यवृत्ताशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे.

मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखालील कलकत्ता विद्यापीठ आयोगाने (१९१७–१९) शैक्षणिक प्रश्नांचा निर्णय विद्वानांच्या स्वतंत्र परिषदेकडे असावा, अशी शिफारस केली. प्रशासन आणि पैसा एका सभेकडे व विद्येचे प्रश्न दुसऱ्या सभेकडे, ही त्यामागची कल्पना होती. आजची विद्या परिषद ही त्या कल्पनेची वंशज होय. अमेरिकेत हेच तत्त्व १९६६ मध्ये प्राध्यापकांची संघटना, महाविद्यालयांची परिषद आणि नियामक मंडळांची संघटना यांच्या एकत्रित विचारातून तयार झालेल्या निवेदनात अधिक नेमकेपणाने आले. अभ्यासक्रम, विषयाची मांडणी आणि अध्यापनपद्धती यांची प्राथमिक जबाबदारी अध्यापकवर्गाची आहे. नियामक मंडळाने किंवा अध्यक्षांनी त्यांचा निर्णय फिरवावयाचा झाल्यास तो अपवादात्मक परिस्थितीतच फिरवावा आणि त्याची कारणे अध्यापकांना कळवावीत, असे ते निवेदन सांगते. निर्णय फिरविण्यास तेथेही मज्जाव नाही. बंधन आहे ते कारणे देण्याचे.

तीन निर्णय

हे बंधन नसले म्हणजे काय होते, हे गेल्या दोन दशकांतील तीन प्रसंगांवरून पाहता येईल. तिन्ही प्रसंगांची चर्चा तेव्हा प्रामुख्याने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगाने झाली आणि ते योग्यही होते. येथे मात्र त्यांच्याकडे कार्यपद्धतीच्या अंगाने पाहावयाचे आहे.

पहिला प्रसंग २०१०चा. रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी मुंबई विद्यापीठाच्या द्वितीय वर्ष कला शाखेच्या इंग्रजी विषयासाठी नेमलेली होती. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेली ही कादंबरी १९७१च्या सुमाराच्या मुंबईतील एका पारशी बँक कर्मचाऱ्याची कथा सांगते. तिच्यातील काही उल्लेखांना भारतीय विद्यार्थी सेनेने आक्षेप घेतला, विद्यापीठाच्या आवारात निदर्शने झाली, प्रती जाळण्यात आल्या. त्यानंतर फारसा अवधी न जाता कादंबरी अभ्यासक्रमातून मागे घेण्यात आली. त्यासाठी महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम, १९९४ मधील कलम १४ (७) चा आधार घेण्यात आला. तातडीची परिस्थिती उद्भवल्यास कुलगुरूंनी आवश्यक ती कृती करावी आणि एरवी ज्या प्राधिकरणाने तो विषय हाताळला असता त्याला शक्य तितक्या लवकर कारणांसह लेखी कळवावे, अशी ती तरतूद होती. शैक्षणिक वर्ष सुरू होऊन काही महिने लोटले होते, विद्यार्थी कादंबरी वाचीत होते, अध्यापक शिकवीत होते.

येथे प्रश्न असा की, तातडी नेमकी कशाची होती? आवारातील शांततेची तातडी समजण्यासारखी आहे. तिच्यासाठी पोलीस आहेत, सुरक्षाव्यवस्था आहे. पण कादंबरी अभ्यासास योग्य की अयोग्य, हा प्रश्न एका दिवसात तातडीचा होऊ शकत नाही. सुव्यवस्थेचा प्रश्न अभ्यासक्रमाच्या प्रश्नाचा वेश घेऊन आला आणि त्याच वेशात त्याचे उत्तर दिले गेले. अशा वेळी अभ्यास मंडळाच्या हाती एखादे जुने टिपण असते, की ही कादंबरी या कारणांसाठी, या अभ्यासपत्रिकेच्या या उद्दिष्टासाठी नेमली आहे, तर ती काढणाऱ्याला निदान त्या टिपणाला उत्तर द्यावे लागले असते. तसे कोणतेही टिपण त्या चर्चेत कोणी पुढे केले नाही.

दुसरा प्रसंग दिल्लीचा आहे आणि तो अधिक अस्वस्थ करणारा आहे. ए. के. रामानुजन यांचा रामकथेच्या अनेक रूपांविषयीचा ‘थ्री हंड्रेड रामायणाज’ हा निबंध दिल्ली विद्यापीठाच्या इतिहास विषयाच्या पदवी अभ्यासक्रमात होता. फेब्रुवारी २००८ मध्ये त्यावरून इतिहास विभागात तोडफोड झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने तज्ज्ञांचे मत घेऊन ते विद्या परिषदेपुढे ठेवावे, असा मार्ग दाखविला. म्हणजे मुंबईत जे झाले नाही ते सर्व येथे झाले: तज्ज्ञ समिती नेमली गेली, चौघा तज्ज्ञांपैकी तिघांनी निबंध ठेवण्याच्या बाजूने मत दिले, एकाने पदवीच्या विद्यार्थ्यांना तो झेपेल का याविषयी शंका व्यक्त केली. इतिहास विभागाचे मत निबंधाच्या बाजूचे होते. आणि ९ ऑक्टोबर २०११ रोजी विद्या परिषदेने निबंध वगळण्याचा निर्णय घेतला. विरोध करणारे सदस्य होते; पण ते मूठभर होते.

‘अधिकार अध्यापकांकडे दिला की प्रश्न सुटला’ ही समजूत या निर्णयाने खोटी ठरविली. येथे अधिकार अध्यापकबहुल सभेकडेच होता. बाहेरून आदेश नव्हता, तातडीचे कलम नव्हते, तज्ज्ञांचे मत हाती होते. तरीही बहुमताने तज्ज्ञांच्या बहुमताविरुद्ध कौल दिला. सभेला तज्ज्ञांशी असहमत होण्याचा अधिकार नव्हता, असे कोणी म्हणणार नाही. परंतु तिघांची मते का पटली नाहीत आणि चौथ्याचे का पटले, याचा तज्ज्ञांच्या टिपणांच्या तोडीचा खुलासा सभेकडून यावयास हवा होता. तो आला नाही. संख्येने युक्तिवादाची जागा घेतली. विद्या परिषद विधानसभेसारखी वागू लागली, की तिच्यात आणि तिच्याबाहेरील जमावात फरक राहतो तो केवळ आसनांचा.

तिसरा प्रसंग ऑगस्ट २०२१ मधील. त्याच विद्यापीठाच्या इंग्रजी सन्मान अभ्यासक्रमातून महाश्वेतादेवींची ‘द्रौपदी’ ही कथा आणि बामा व सुकीर्तराणी या दलित लेखिकांचे लेखन वगळण्यात आले. वगळण्याचे काम प्रथम देखरेख समितीने केले आणि नंतर विद्या परिषदेची मान्यता घेण्यात आली. विषयाच्या विभागाने विचारपूर्वक निवडलेले पाठ विभागाला विश्वासात न घेता बदलले गेले, असा आक्षेप होता. या वेळी एक गोष्ट मात्र वेगळी घडली. विद्या परिषदेच्या १५ सदस्यांनी लेखी असहमती नोंदविली. निर्णय बदलला नाही हे खरे. पण पुढे कोणी हा अभ्यासक्रम पुन्हा हाती घेईल तेव्हा त्याला वाद घालण्यासाठी एक कागद मिळेल. वरील तीन प्रसंगांत अध्यापकांच्या बाजूने मागे उरलेले ठोस असे काही असेल, तर ते सभेतील ही नोंद.

कायदा बदलला तेव्हा

महाराष्ट्रात १९९४च्या कायद्याच्या जागी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ आला आणि १ मार्च २०१७ पासून तो अमलात आला. अभ्यासक्रमाच्या दृष्टीने त्यातील बदल किरकोळ नाहीत. पूर्वी अधिष्ठाता हा विद्याशाखेच्या सदस्यांतून निवडून येत असे. आता तो निवड समितीमार्फत नेमलेला पूर्णवेळ अधिकारी असतो आणि त्याची मुदत कुलगुरूंच्या मुदतीशी बांधलेली असते. विद्याशाखा चारच राहिल्या: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानवविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. मराठीपासून भूगोलापर्यंतचे विषय एकाच छताखाली आले. अभ्यास मंडळांत निवडणुकीबरोबर नामनिर्देशनाला मोठे स्थान मिळाले, उद्योगक्षेत्रातील तज्ज्ञांना जागा मिळाली. तातडीचे अधिकार कलम १२ (७) मध्ये कायम राहिले.

या बदलांचे समर्थन करणाऱ्यांचा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. निवडणुकीने येणारी मंडळे गटांच्या आणि संघटनांच्या पॅनेलांतून येत, हे कोणा अध्यापकाला सांगावयास नको. मत मागताना अभ्यासक्रमाविषयीची भूमिका क्वचितच मांडली जाई. जिल्हा, संस्था आणि संघटना यांचा हिशेब मात्र चोख असे. निवडून आल्यावर समित्यांची वाटणी होई, परीक्षकांच्या याद्या होत, आणि कधी कधी पुस्तकेही वाटणीनेच लागत. परंतु या रोगावर नामनिर्देशन हे औषध म्हणून लागू पडणारे नाही. निवडून आलेला सदस्य मतदारांकडे पाहून गप्प बसतो, तर नामनिर्देशित सदस्य नामनिर्देशन करणाऱ्याकडे पाहून गप्प बसतो. दोन्ही ठिकाणी कार्यवृत्तात ‘चर्चेअंती सर्वानुमते मान्य’ एवढेच उमटते. या तीन शब्दांच्या मागे चर्चा झाली होती की नाही, हे कळण्याचा मार्ग नाही.

मधल्या पोकळीचाही येथे विचार करावयास हवा. १९९४च्या कायद्याखालील प्राधिकरणांची मुदत २०१५ मध्ये संपली आणि नवा कायदा अमलात येऊन नवी मंडळे रीतसर अस्तित्वात येईपर्यंत बराच काळ गेला. या काळात अभ्यासक्रमाचे काम थांबले नाही. ते तात्पुरत्या व्यवस्थेतून चालले. मंडळाविना दीड-दोन वर्षे कारभार सुरळीत चालू शकतो असे दिसले, की मंडळाची गरजच काय, हा प्रश्न प्रशासनाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मंडळांच्या जुन्या कार्यवृत्तांत सापडावयास हवे होते.

श्रेयांकांची चौकट

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीने या प्रश्नाला नवे वळण दिले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रम व श्रेयांक आराखडा प्रसिद्ध केला. महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या शासननिर्णयाने त्याला राज्यापुरते रूप दिले आणि १३ मार्च २०२४ रोजी त्यात सुधारणा केली. मुख्य विषय, गौण विषय, खुले वैकल्पिक, व्यवसाय व कौशल्य अभ्यासक्रम, क्षमतावर्धन, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, कार्यप्रशिक्षण, क्षेत्रीय प्रकल्प असे रकाने ठरले आणि प्रत्येक रकान्यातील श्रेयांक ठरले. एका सत्राला २० ते २२ श्रेयांक, तीन वर्षांच्या पदवीस १२० ते १३२, चार वर्षांच्या पदवीस १६० ते १७६. स्वायत्त महाविद्यालयांनी २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांनी पुढील वर्षापासून ही रचना स्वीकारली.

आराखड्यातील काही गोष्टी स्वागतार्ह आहेत. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला साहित्याची एखादी अभ्यासपत्रिका घेता यावी, वर्गाबाहेरील कामाला श्रेय मिळावे, ही मागणी अध्यापकांचीच होती. आक्षेप आहे तो निर्णयाच्या क्रमाविषयी. एखाद्या विषयाच्या पदवीसाठी त्या विषयाचे किती अध्यापन आवश्यक आहे, हा विषयतज्ज्ञांनी प्रथम सोडवावयाचा प्रश्न. येथे तो वर सुटून आला आणि मंडळाकडे उरले ते रकाने भरण्याचे काम. तेही मोजक्या आठवड्यांत, प्रवेशप्रक्रिया तोंडावर आलेली असताना. घर कोठे बांधावयाचे, खोल्या किती, दारे कोणत्या दिशेला, हे दुसऱ्याने ठरवून झाल्यावर गवंड्याला रंगाविषयी मत विचारावे, तसा हा प्रकार झाला.

तरीही रंग ठरविण्याचे स्वातंत्र्यही लहान नसते. खुल्या वैकल्पिकांत कोणती अभ्यासपत्रिका असावी, भारतीय ज्ञान प्रणालीच्या नावाखाली काय शिकवावे, हे मोठ्या प्रमाणात मंडळांवर सोडलेले आहे. या दुसऱ्या रकान्यात तर विद्वत्तेला आव्हानच आहे. मराठीच्या मंडळाला तेथे महानुभाव गद्याची पाठचिकित्सा ठेवता येईल, बखरींच्या साधनमूल्याची चर्चा ठेवता येईल. किंवा पाच घटकांत गौरवपर माहिती देऊन मोकळे होता येईल. यांतील कोणता मार्ग कोणत्या मंडळाने का निवडला, याचा शोध घेऊ इच्छिणाऱ्या अभ्यासकाला हाती लागतो तो घटकांची नावे आणि संदर्भग्रंथांची यादी असलेला एक तक्ता. अध्ययन-निष्पत्तीचे चार-सहा मुद्दे सुरुवातीला असतात. पण ते मुद्दे एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात इतक्या शब्दशः प्रवास करतात, की त्यांना कारणे म्हणता येत नाही.

न लिहिलेले कारण

कारणे लिहिली जात नाहीत याचा अर्थ कारणे नसतात, असा नाही. ती असतात आणि सर्वांना माहीत असतात. त्यांतील सर्वांत प्रबळ कारण म्हणजे कार्यभार. अनुदानित महाविद्यालयातील अध्यापकाचे पद त्या विषयाच्या आठवड्यातील तासांवर टिकते. एखादी अभ्यासपत्रिका अनिवार्यतेतून वैकल्पिकात गेली की तास कमी होतात, तास कमी झाले की पद ‘अतिरिक्त’ ठरण्याची भीती उभी राहते. अभ्यास मंडळाच्या बैठकीतील खरा संघर्ष पुष्कळदा याच जागी असतो. चहाच्या वेळी सर्वजण त्याविषयीच बोलतात. कार्यवृत्तात मात्र ‘काळाची गरज लक्षात घेऊन’ असे लिहिले जाते.

अध्यापकाने आपल्या आणि सहकाऱ्यांच्या उपजीविकेचा विचार करावा, यात लाजिरवाणे काहीच नाही. पद गेले तर विषय जातो, आणि एका महाविद्यालयातून गेलेला तत्त्वज्ञानाचा किंवा संस्कृतचा विभाग सहसा परत येत नाही. म्हणून कार्यभार हाही शैक्षणिक युक्तिवादच आहे. पण तो उघडपणे मांडला तरच. तो झाकून ठेवल्यामुळे प्रशासनाला प्रत्येक शैक्षणिक हरकतीकडे ‘हे तासांसाठी चालले आहे’ अशा नजरेने पाहण्याची सोय होते. अध्यापकांच्या मंडळांची विश्वासार्हता जितकी बाहेरच्या दडपणाने घटली, तितकीच या झाकपाकीनेही घटली आहे.

याहून दुखरी बाब तासिका तत्त्वावरील अध्यापकांची. अनेक महाविद्यालयांत पदवीचे अर्धेअधिक वर्ग तेच घेतात. कोणता पाठ वर्गात उभा राहतो आणि कोणता कोसळतो, याचे सर्वांत ताजे ज्ञान त्यांच्याकडे असते. परंतु मंडळाच्या सदस्यत्वासाठी मान्यताप्राप्त नियमित सेवा आणि अनुभवाची वर्षे लागतात. तासिकांची वर्षे त्यासाठी वर्षे ठरत नाहीत. अध्यापकांचे शासन असे ज्याला म्हणावयाचे, त्यातून शिकविणाऱ्यांचा इतका मोठा भाग वगळलेला असेल, तर ‘अध्यापकांचा आवाज’ या शब्दांचा अर्थ पुन्हा तपासावा लागतो.

कलम ४ आणि कार्यवृत्त

कारणे देण्याचे दायित्व ही नवी मागणी नव्हे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करावयाची आहे आणि बाधित व्यक्तींना प्रशासकीय निर्णयांची कारणे द्यावयाची आहेत. त्यासाठी कोणी अर्ज करण्याचीही आवश्यकता नाही. विद्यापीठ हे असे प्राधिकरण आहे. अभ्यासक्रमातील बदलाचा परिणाम विद्यार्थी आणि अध्यापक यांच्यावर होतो, हे सिद्ध करावयास नको. या कलमाचा उपयोग अध्यापकांनी नेमणुका आणि वेतननिश्चितीच्या प्रकरणांत पुष्कळ केला. अभ्यासक्रमाच्या बाबतीत तो फारसा झालेला दिसत नाही. अर्थात प्रशासनाकडे कारणे मागण्यापूर्वी मंडळांनी आपली कारणे लिहिणे हे ओघानेच येते.

त्यासाठी कायद्यात दुरुस्ती होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. प्रत्येक नव्या अभ्यासपत्रिकेसोबत दोन पृष्ठांचे टिपण जोडावे. कोणता पाठ घेतला, त्याच्याऐवजी कोणता विचारात होता, जुना का सोडला, हे त्यात असावे. त्या विषयाचा कार्यभार बदलत असेल तर तेही स्पष्ट लिहावे. ज्यांनी असहमती दाखविली त्यांचे म्हणणे सारांशाने नोंदवावे. तीन वर्षांनी पुनर्रचना करताना प्रथम हे टिपण वाचले जावे आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकांसह प्रत्यक्ष शिकविणाऱ्यांचे लेखी अभिप्राय त्यासोबत ठेवावेत. स्वायत्त महाविद्यालयांना हे सर्वांत सोपे आहे. तेथे विभागातील अध्यापक मंडळावर असतातच. तातडीच्या कलमाचा वापर अभ्यासक्रमासाठी झाल्यास तो ठराविक मुदतीत अभ्यास मंडळापुढे न आल्यास आपोआप रद्द व्हावा, एवढी एकच दुरुस्ती मात्र कायद्यात लागेल. आजच्या तरतुदीनुसार कुलगुरू आणि प्राधिकरण यांच्यात मतभेद झाल्यास प्रकरण कुलपतींकडे जाते. शैक्षणिक प्रश्नाला तेथे शैक्षणिक उत्तर मिळेल याची शाश्वती नाही.

या सूचनेला येणारा सर्वांत गंभीर आक्षेप आळसाचा किंवा कागदपत्रांच्या ओझ्याचा नाही, भीतीचा आहे. कारणे लिहिली म्हणजे लिहिणारा सापडतो. दिल्लीत २००८ मध्ये हल्ला झाला तो इतिहास विभागावर. अशा वातावरणात एखाद्या तालुक्याच्या गावातील अध्यापकाने वादग्रस्त ठरू शकणाऱ्या पुस्तकाखाली आपली सही करावी, अशी अपेक्षा ठेवणे सोपे नाही. म्हणून टिपण मंडळाच्या नावाने प्रसिद्ध व्हावे, वैयक्तिक नावाने नव्हे. असहमतीचे मुद्दे नोंदवावेत, पण असहमत सदस्याने स्वतः तसे मागितले तरच त्याचे नाव छापावे. आणि मंडळाच्या टिपणावरून एखाद्या सदस्याला उपद्रव झाल्यास तक्रार नोंदविण्याचे काम त्या सदस्याचे नसून कुलसचिवांचे असावे, असे विद्यापीठाने परिनियमात लिहावे. अभ्यास मंडळांची पुढील रचना होईल तेव्हा पहिल्या बैठकीच्या कार्यपत्रिकेवर अध्यक्षांच्या निवडीखालोखाल हा विषय कोणत्याही सदस्याला मांडता येईल.